ताराबाईंचं अंगण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत सकाळची कामं आवरली की दारादारांत बायका पाय पसरून बसतात. मांडीवर पैंजणाची साखळी, पुढ्यात ताटली, ताटलीत मोहरीपेक्षा थोडी मोठी घुंगरं. चिमट्यानं एक घुंगरू उचलायचं, कडीत ओवायचं, कडी दाबून बंद करायची, की लगेच दुसरं. चांदी घरात येते ती वजनावर आणि तयार माल परत जातो तोही वजनावर. मध्ये घट किती धरायची ते ठरलेलं असतं. त्याहून जास्त भरली तर ती मजुरीतून जाते. म्हणून या कामाला बसलेल्या बाईचा एक डोळा हातातल्या कडीवर असतो आणि दुसरा घरात फिरणाऱ्या पोरावर.

माझ्या आईनं हे काम वर्षानुवर्षं केलं. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असताना एकदा ताटलीशी पोचला आणि मूठभर घुंगरं त्यानं जमिनीवर उधळली. आईनं सगळ्या घराचा केर सुपात घेऊन पाखडला, मग चाळणीनं चाळला, फरशीच्या फटींतून काडी फिरवली. तरी एक घुंगरू सापडेना. ते फटीत गेलं की भावाच्या पोटात, या घोरानं ती रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "आगं, ह्येला अंगणवाडीत घाल की. दोन-तीन तास तरी डोळ्याम्होरनं हलंल."

अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की तो कुणीतरी विचार करून घडवला असेल असं मनातही येत नाही. सरकारी खात्याच्या कागदावर तो असतो, गावातल्या पाटीवर असतो, म्हणून तो सरकारनंच काढला असेल असं वाटतं. पण सरकारनं तो उचलला. त्याच्याआधी तीस वर्षं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात तो शब्द आणि ती शाळा रुजवली ताराबाई मोडकांनी. ताराबाई शिक्षिका होत्या आणि पाच वर्षं मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. शिकवणं आणि राजकारण ही दोन्ही कामं केलेल्या बायका आपल्याकडे झाल्या आहेत, पण ज्यांचं काम रोज सकाळी प्रत्येक गावात उघडतं, अशा ताराबाईच.

त्यांचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीनं शिकावं यासाठी घरात भांडावं लागलं नाही. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मग अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं आणि काही वर्षांत ते मोडलंही. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी घेऊन, नवऱ्यापासून वेगळं व्हायचं आणि स्वतःच्या पगारावर उभं राहायचं, हे त्यांनी केलं. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद मिळालं. पगार बरा, मान मोठा. तिथं स्वस्थ राहिल्या असत्या तरी त्यांचं आयुष्य मानानंच गेलं असतं.

पण जवळच भावनगरला गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या प्रश्नापायी त्यांनी वकिली सोडली आणि 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मिशा असलेली आई म्हणून गुजरातेत त्यांचं नाव झालं. ताराबाई प्राचार्यपद सोडून या बालमंदिरात आल्या. इटलीच्या मारिया माँटेसरींची पद्धत दोघांनी मिळून अभ्यासली आणि आपल्या मुलांवर ती बसते का ते पाहिलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिका नावाचं मासिक निघालं. ताराबाईंनी मराठीतून आईबापांसाठी लिहायला सुरुवात केली, तेव्हा मूल म्हणजे मारून-मुटकून वळण लावायची वस्तू असाच सगळीकडे समज होता. 1936 मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभं केलं. तिथं मुलांची शाळा होती आणि बालशिक्षिका तयार करण्याचीही सोय होती.

शिशुविहार चांगलं चाललं होतं, पण तिथं येणारी मुलं शिकलेल्या घरांतली. माँटेसरींची साधनंही महाग. तासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मापाचे दांडे, घंटा, रंगाच्या पट्ट्या. जी पद्धत मुळात रोमच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी निघाली, ती आपल्याकडे येता येता श्रीमंतांची झाली. ही गोष्ट ताराबाईंना डाचत होती. गांधीजींच्या सांगण्याचा ओढाही खेड्याकडेच होता. अखेर 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव. आसपास वारली आदिवासींची वस्ती. त्याच वर्षी त्या भागात वारल्यांचा उठाव पेटला होता. सावकार आणि जमीनदारांच्या वेठीला नकार देत वारली उभे राहिले होते आणि गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर त्यांच्यात होते. गोदावरीबाईंनी मोठ्या माणसांना उभं केलं आणि ताराबाई त्यांच्या पोरांकडे वळल्या. दोघींची वाट आणि विचार वेगळे होते, तरी ज्या झोपड्यांत त्या शिरल्या त्या एकाच मुलखातल्या होत्या. दोघींना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्या मुलखाची गोष्ट पुरी होत नाही, असं मला वाटतं.

बोर्डीला ताराबाईंसोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि त्या पुढची सत्तेचाळीस वर्षं, 1992 मध्ये डोळे मिटेपर्यंत, याच कामात राहिल्या. ताराबाईंनी योजायचं आणि अनुताईंनी रोज उठून ते चालवायचं, अशी ही जोडी होती.

शाळा उघडली तर मुलं येईनात. इथं ताराबाईंनी जे केलं, त्यावरून त्यांच्या बुद्धीची जात कळते. मुलं का येत नाहीत याचं उत्तर त्यांनी आईबापांच्या अडाणीपणात शोधलं नाही, मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिलं. तीन-चार वर्षांचं पोर वस्तीपासून लांब चालत येणार कसं? त्याला आणणार कोण? आई शेतावर. मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. बाईनं डोक्यावर साधनांची पेटी घ्यायची, पाड्यावर जायचं, एखाद्याचं अंगण झाडून घ्यायचं, पोरं गोळा करायची, तोंडं धुवायची, केस विंचरायचे, नखं काढायची आणि मग गाणं. ही अंगणवाडी. दुसरी, गावात एका ठिकाणी भरणारी, ती केंद्रवर्ती बालवाडी. दोन्ही नावं ताराबाईंची, आणि दोन्हींत फरक एवढाच की कोण कुणाकडे चालत जाणार.

थोडं मोठं पोर गुरांमागे रानात असायचं. त्याला म्हणावं शाळेत ये, तर गुरं कोण राखणार? तेव्हा बाई कुरणात गेल्या. गुरं चरताहेत आणि झाडाखाली पाटी चालली आहे. याला नाव पडलं कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीची अडचण तर सगळ्यांत अवघड, कारण तिच्या कमरेवर धाकटं भावंड असायचं. ते सोडून ती शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी वर्गात. ताराबाईंनी याला विकासवाडी म्हटलं. मोठ्या मुलीचं शिक्षण धाकट्याच्या पाळण्यावर अडतं, हे त्यांनी ओळखलं. आजही हुपरीत मुलगी शाळा बुडवते त्या दिवशी घरात काय होतं ते पाहा. बहुतेक वेळा कुणीतरी लहान आजारी असतं आणि आईला माल पोचवायचा असतो.

साधनंही तिथलीच. समुद्रकाठचे शिंपले, वेगवेगळ्या आकारांचे दगड, बिया, पानं, बांबूच्या कांड्या, चिंचोके. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं माँटेसरींच्या ठोकळ्यांनी जसं कळतं तसं गोट्यांनी आणि शिंपल्यांनीही कळतं. हे आता ऐकायला सोपं वाटतं. पण परदेशी पद्धत शिकून आलेल्या माणसाला तिचा आत्मा धरून तिचं सामान सोडून देता येणं फार दुर्मीळ असतं. 1957 मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या.

आता विधानसभेकडे येते, पण आधी एका आयरिश शिक्षिकेची गोष्ट सांगायला हवी, कारण ताराबाई त्या सभागृहात शिरल्या ते दार उघडणाऱ्यांत ती होती. मार्गारेट कझिन्स तिचं नाव. जन्म 1878 चा, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावचा. संगीताची पदवीधर. 1908 मध्ये तिनं मैत्रिणींसोबत आयरिश स्त्रियांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल 1910 मध्ये लंडनला आणि 1913 मध्ये आयर्लंडात, अशी दोनदा तुरुंगात गेली. 1915 मध्ये नवऱ्याबरोबर भारतात आली आणि मदनपल्लीला शिकवू लागली. 1919 मध्ये रवींद्रनाथ तिथं आले असताना जन गण मनच्या चालीची स्वरलिपी करण्यात तिचा हात होता. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याच्या सभासदांत घेतलेली पहिली अभारतीय व्यक्ती तीच.

तिचं मोठं काम डिसेंबर 1917 मधलं. भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या पुढारपणाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं आणि पुरुषांना जे मत देणार ते बायकांनाही द्या अशी मागणी केली. ते जुळवून आणलं मार्गारेटबाईंनी. इंग्लंडातल्या पार्लमेंटनं निर्णय प्रांतांवर सोपवला आणि 1921 मध्ये आधी मद्रासनं, मग मुंबईनं स्त्रियांना मत दिलं. अर्थात ज्यांच्या नावावर मालमत्ता त्यांनाच, त्यामुळे प्रत्यक्षात मूठभर बायकांना. पुढे 1935 च्या कायद्यानं अटी सैल झाल्या आणि मुंबई प्रांतात लिहितावाचता येणाऱ्या बाईला त्याच आधारावर मतदार होता येऊ लागलं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते. म्हणजे एखाद्या गावातल्या मास्तरीणबाईनं तरुण सुनेला बाराखडी शिकवली तर ती तिला मतच मिळवून देत होती.

मार्गारेटबाईंचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. 1927 च्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, ती त्यांनीच देशभर पत्रं धाडून घडवली. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. विषय होता शिक्षण. मुलींनी काय शिकावं हे बायकांनीच सांगावं, म्हणून त्या जमल्या. पण मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिली तर शिकणार कधी? म्हणून बालविवाहाचा प्रश्न आला, आणि तो आला की कायदेमंडळाचं दार ठोठावणं आलंच. शिकवायला निघालेल्या बायका राजकारणात कशा पोचल्या याचं उत्तर त्या चार दिवसांत आहे. पुढे 1932 मध्ये सरकारच्या दडपशाहीविरुद्ध मद्रासला भाषणं केल्याबद्दल या आयरिश बाईंना एक वर्षाची शिक्षा झाली. 1954 मध्ये अड्यारला त्या वारल्या.

ताराबाई 1946 ते 1951 मुंबई विधानसभेत होत्या. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्रीही. त्या सभागृहानं 1947 मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा केला. शाळा मंडळं आणि सक्तीचं शिक्षण त्यात नव्यानं बांधलं गेलं. कोल्हापूरकरांना सक्तीची गोष्ट नवी नव्हती. शाहू महाराजांनी 1917 मध्येच सक्तीच्या मोफत शिक्षणाचा जाहीरनामा काढला होता आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला होता. पण सक्तीचा कायदा कुठलाही घ्या, तो शाळेच्या वयाच्या मुलापाशी सुरू होतो. त्याआधीची पाच-सहा वर्षं घराची, आईची आणि नशिबाची. ताराबाई आयुष्यभर बोलत राहिल्या ते त्याच वर्षांबद्दल.

त्या वर्षांचं कायद्यात काय झालं तेही पाहू. 1950 च्या घटनेत कलम 45 होतं. दहा वर्षांत सगळ्या मुलांना वयाची चौदा वर्षं पुरी होईपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा राज्यानं प्रयत्न करावा, असं ते म्हणत होतं. किती वर्षांपासून, याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे तीन वर्षांचं मूलही त्यात बसत होतं. 2002 मध्ये घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयाचा. सहाखालच्या मुलाला नव्या कलम 45 मध्ये, म्हणजे राज्यानं प्रयत्न करावा या सदरात ठेवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंही तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकारनं सोय करता येईल तर करावी एवढंच म्हटलं. हक्क आणि प्रयत्न यांतला फरक कोर्टात उभं राहिलं की कळतो. 2020 च्या शिक्षण धोरणानं तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाच्या पायात धरली, ते बरं झालं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि लहान मुलाला आपण उंबऱ्यावरच उभं करून ठेवलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारनं देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. आज देशभरात अशा तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि महाराष्ट्रात लाखाच्या वर. डहाणूच्या पाड्यावर झाडून घेतलेल्या त्या अंगणाचा पसारा केवढा झाला!

मात्र नाव आलं तसं सगळं आलं नाही. योजनेत आहार, लसीकरण, वजन, गरोदर बायकांची नोंद ही सगळी कामं आली. ती हवीतच, कारण उपाशी मुलाला गाणं सुचत नाही. पण या कामांच्या रगाड्यात ताराबाईंचा गाभा, म्हणजे मुलाच्या हाताला काम आणि डोळ्याला नवल, तो मागे पडला. बाईंचा वेळ रजिस्टरात आणि आता मोबाइलवरच्या नोंदींत जातो. शिवाय त्या बाईंना आपण शिक्षिका म्हणायलाही तयार नाही. त्या सेविका, आणि त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तरी 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना आणि मदतनिसांना मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन मागत संपावर जावं लागलं. तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. आपल्याकडे कितीतरी आयांनी त्या दिवसांत घुंगरांची ताटली उंच फळीवर ठेवून पोर सांभाळलं आणि रात्री दिव्याखाली काम केलं. अंगणवाडीच्या बाईंचं काम केवढ्याचं आहे, हे त्या दिवसांत मजुरीच्या हिशेबात दिसलं.

परवा आमच्या जवळच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. मी सहज डोकावले. बाईंनी काट्यावर एकेका मुलाला उभं केलं, आकडा मदतनीसताईंना सांगितला, त्यांनी लिहून घेतला. एक आई दारात थांबली होती. तिच्या बोटांच्या टोकांना चांदीच्या कामाचा काळपटपणा होता. मागच्या महिन्यापेक्षा पोराचं वजन दोनशे ग्रॅमनी वाढलंय असं बाई म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, "खरं? परत एकदा बघा की वो बाई." बाईंनी पुन्हा उभं केलं. आकडा तोच आला. मग बाईंनी पोराला गोलात बसवलं आणि त्याच्या ओंजळीत चिंचोके दिले. आई थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि मग कामावर बसायला घरी गेली.